विमानाला सोडलेली माया

आमचे हे शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मीही चारचौघांत मास्तरच म्हणते आणि घरात 'अहो'. माणूस सोन्यासारखा, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. कपड्याबद्दल विचारा, तासभर बोलतील. बाही कुठे ओढते, कॉलर का बसत नाही, कुणाचा डावा खांदा उतरलेला आहे, सगळं तोंडपाठ. मनातलं काही विचारलं की गळ्यातला टेप काढायचा, पुन्हा गळ्यात घालायचा आणि मशीनवर जाऊन बसायचं. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लाजतात. नंतर कळलं, हे असंच चालायचं, आपणच काय ते ओळखायचं.

तर ह्या माणसाने विमान केलं. खेळण्यातलं शोभेचं नव्हे, रिमोटवर उडणारं, हवेत कोलांट्या मारणारं. आणि कशासाठी केलं, तर सख्ख्या भावाशी एक वाक्य बोलायचं होतं, ते जमेना म्हणून. मी हे त्यांच्या तोंडावरसुद्धा सांगते. ते नाही म्हणत नाहीत.

दुकान सासऱ्यांचं. त्यांच्यामागे दोघे भाऊ मिळून चालवायचे. धाकटे भावजी कापायचे, हे शिवायचे. भावजींचा कात्रीवर हात असा की आपण खडूची रेघ बघेपर्यंत कापड कापून मोकळं. ह्यांचा टाका असा की कापड विरेल पण शिवण उसवणार नाही. वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करायला, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. ह्यांना ती ऐसपैस लागते. "माणूस काय आज आहे तेवढाच राहतो का? कपड्यात जागा पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भावजींना नव्या पद्धतीचे, अंगाबरोबर बसणारे कपडे आवडायचे. आत माया जाड राहिली की वरून फुगवटा दिसतो, म्हणून ते ती छाटून बारीक करायचे. हे बघायचे आणि नाकातल्या नाकात 'हं' करायचे. इतपत चालायचं.

एक दिवस गाणं शिकवणारे एक गृहस्थ आपला कोट घेऊन आले. त्यांचं पोट सुटलं होतं, कोट थोडा सैल करून हवा होता. ह्यांनी कोट उलटा करून आत बघितलं, तर सैल करायला काही शिल्लकच नव्हतं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. आणि एरवी आवाज न चढवणारा हा माणूस सगळ्यांदेखत भावाला म्हणाला, "कापायला अक्कल लागत नाही, सोडायला लागते." भावजींनी हातातली कात्री टेबलावर ठेवली, कोट त्या गृहस्थांना घड्या घालून दिला आणि जिना चढून वर निघून गेले.

आठवड्याच्या आत दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. एका दुकानाची दोन दुकानं, एका पाटीच्या दोन पाट्या. घर वर-खाली, जिना एकच. जिन्यात समोरासमोर आले की एक भिंतीकडे बघणार, दुसरा पायऱ्या मोजणार. तीन वर्षं दोघांत एक शब्द नाही. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमच्या घरात उलटी गंगा, आम्हा दोघींचं दुधात साखर आणि भावाभावांचं बिनसलेलं. धाकटी आणि मी, आम्ही दोघींनी भांडायला साफ नकार दिला. प्लायवूडला खाली वायरसाठी एक हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून इकडची काळी रिळं तिकडे जायची, तिकडची बटणं इकडे यायची. दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघांनीही कधी ते बघितलं नाही.

आता विमानाचं. वस्तीच्या पलीकडे एका बंद कारखान्याचं मोठं मैदान आहे. तिथे रविवारी सकाळी हौशी लोक रिमोटची विमानं उडवायला जमतात. भावजींना त्याचं भारी वेड. त्यांच्याकडे एक विकतचं विमान होतं. ते आपलं सरळ जायचं, सरळ वळायचं, सरळ उतरायचं. "गाय आहे नुसती," असं ते वैतागून म्हणायचे. "उलटं उडणारं पाहिजे. गिरकी घेणारं. तसलं विकत मिळतं ते जड असतं. हाताने करायला पाहिजे फोमबोर्डाचं. पण माझ्याकडून चिकटवाचिकटवी होत नाही." बोलणं-चालणं बंद व्हायच्या आधी हेही त्यांच्याबरोबर जायचे. एका पालथ्या खोक्यावर बसायचे आणि भावाचं विमान उडताना बघायचे. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी बघितलाय. मुलाला पहिल्यांदा चालताना बघणाऱ्या बापाचा असतो तसा. ते त्यांनी कबूल केलं नसतं. घरी येऊन म्हणायचे, "पंखाचा जोड काही ठीक नाही."

अबोला सुरू झाला तसं मैदानही सुटलं. रविवारी सकाळी भावजी विमान घेऊन जिना उतरायचे आणि हे खालच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान उलटलेलं मला दिसायचं नाही.

मग धाकटीने त्या भोकातून बटणांबरोबर बातमी दिली. भावजींना लांबच्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तरची नोकरी लागली होती. महिनाअखेरीला दोघं जाणार. "तुम्ही सांगा ताई दादांना," ती म्हणाली आणि भोकातून तिचा हात माझ्या हातात आला, तो तिला सोडवेना.

मी ह्यांना सांगितलं. पायाखाली मशीन चालू होती. ती थांबली. "कधी?" एवढंच विचारलं. सांगितलं कधी ते. मशीन पुन्हा सुरू झाली. जरा वेळाने मी जवळ जाऊन बघते, तर सुईत दोराच नाही आणि हे आपले पाय मारताहेत. मी म्हटलं, "अहो, मध्ये एक प्लायवूड आहे. अर्धा इंच. इथूनच म्हणा, जाऊ नको. त्याला ऐकू जाईल." तर उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

परत आले ते काखेत पांढऱ्या पाट्यांची चवड घेऊन. फोमबोर्ड. दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये फेस, इतकं हलकं की फुंकर मारली तरी सरकतं. फोटो फ्रेम करणाऱ्याकडून आणलं होतं. "काय करायचंय ह्याचं?" म्हटलं. म्हणाले, "हौस आली."

ती हौस मी ओळखली नाही तर कोण ओळखणार? माझ्या फोनवर त्यांनी विमानाचा नकाशा शोधून काढला. उलटं उडणारं, गिरकी घेणारं, जाडसर रुंद पंखांचं, नेमकं भावजींना हवं होतं तसलं. झेरॉक्सवाल्याकडून त्याचे कागद काढून आणले, एकमेकांना जोडले आणि कापडावर फर्मा ठेवतात तसे फोमबोर्डावर अंथरून टाचण्या टोचल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. भाऊ पलीकडे खोकला तरी ऐकू येतो, आणि हे त्याच्याशी बोलायला विमान बांधताहेत.

पण खरं सांगू, मला त्यांचं ते काम बघायला आवडलं. पहिल्यांदा कटरने कापायला घेतलं तेव्हा जीभ दातांत धरून, श्वास रोखून. पंखाच्या मागच्या कडेला आणि शेपटीला हलत्या पट्ट्या असतात, त्या वरखाली झाल्या की विमान वळतं. त्या पट्ट्यांना बिजागरी म्हणून लोक चिकटपट्टी लावतात. ह्यांचा चिकटपट्टीवर विश्वास नाही. "गोंद उन्हात सुटतो, टाका सुटत नाही," म्हणाले आणि नायलॉनच्या दोऱ्याने आडवेतिडवे टाके घालून पट्ट्या शिवून टाकल्या. अशा शिवल्या की बोटाने हलवली तरी आवाज नाही. आत बसवायच्या छोट्या मोटारी, तारा, पुढचा पंखा, बॅटरी आणि एक जुना रिमोट हे सगळं दाताच्या डॉक्टरांकडून मिळालं. ते डॉक्टर मैदानावर येणाऱ्यांपैकी. ह्यांनी त्यांना पूर्वी शिवून दिलेली पँट अजून त्यांच्या अंगाला येत होती, त्या प्रेमापोटी दिलं त्यांनी. सगळ्या तारा कशा जोडायच्या तेही दाखवलं.

काम होत आलं तशी मला एक गोष्ट खटकायला लागली. नकाशात भाग एकमेकांत खाचेत अडकवायचे होते, ते काही अडकेनात. हे कडा आत दुमडायचे, दुमडून चिकटवायचे, वरून दोन टाके घालायचे. पंख टेबलाच्या कडेबाहेर यायला लागला. मी म्हटलं, "कागदावर तर एवढा नव्हता." म्हणाले, "कागदावर छोटंच दिसतं." शेपटी इतकी जड झाली की दोन बोटांवर विमान तोलून बघितलं, तर मागे बसकण मारायला लागलं. मग पुढे वजन पाहिजे म्हणून ह्यांनी मोडक्या कात्रीचा एक कान, म्हणजे मुठीचं लोखंडी कडं, नाकात घालून शिवून टाकला. आता ते तोललं जाऊ लागलं. मी हातात घेतलं तर ओल्या चादरीएवढं वजन.

महिना संपत आला होता. रविवारी सकाळी मी म्हटलं, चला. हे तयार होईनात. "अजून इस्त्री..." म्हणाले. मी म्हटलं, "विमानाला इस्त्री करतात का? चला." जिन्यात धाकटी भेटली. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, तीही मागून निघाली.

मैदानात एका टोकाला भावजी आपली गाय उडवत होते. दुसऱ्या टोकाला आम्ही. मधे भरपूर गवत आणि बाकीची मंडळी. हे रिमोट धरून उभे. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते स्वतःशीच पुटपुटत होते. मला म्हणाले, "वाऱ्याच्या तोंडावर, सरळ, जोरात फेक." मी आयुष्यात उशीसुद्धा फेकलेली नाही. पण फेकलं, हो, माझ्यापरीने चांगलं फेकलं.

ते गेलं, आठ-दहा पावलं गेलं, दमल्यासारखं खाली वाकलं आणि गवतात डोकं खुपसून बसलं. एक पंख मधोमध मोडला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हे तिथेच उभे. रिमोट हातात तसाच. त्यांचा चेहरा मला बघवेना. मला राग आला, त्यांचा, भावजींचा, सासऱ्यांचा, सगळ्या पुरुषजातीचा. मी विमान उचलायला निघाले, तर माझ्या आधी दुसरंच कुणी तिथे वाकलेलं.

भावजी. मोडलेला पंख त्यांनी हातात घेतला, उलटा केला, जिथे मोडला होता तिथे बघितलं. दुमडलेल्या कडा, एकावर एक, सगळीकडे अर्धा इंच. अंगठ्याने ती कड चाचपली, कोटाची चाचपतात तशी. आणि तीन वर्षांनंतर आपल्या भावाशी पहिलं वाक्य बोलले.

"दादा, विमानाला माया सोडलीस?"

हे घुटमळले. टेप गळ्यात नव्हता, नाहीतर काढून पुन्हा घातला असता. म्हणाले, "हात गेला. रेघेच्या बाहेरून जातो हात, सवयीने."

"हे काय अंगाने वाढणार आहे का?"

"सांगता येत नाही," हे म्हणाले, आणि भावजी हसले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, पोटातून हसले. धाकटीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. नाकातला कात्रीचा कान निघाला तेव्हा तर भावजी गवतात बसलेच. "ह्याच्याने दगडसुद्धा उडाला नसता," म्हणाले. मग बिजागरीचे टाके बघितले आणि हसायचे थांबले. पट्टी वरखाली करून बघितली. "हे मात्र असंच ठेव," म्हणाले. "असं मी कुणाचं बघितलं नाही."

मला वाटलं, झालं, सुटला तिढा. कसलं काय. त्या दिवसापासून भावजी संध्याकाळी आमच्या बाजूला यायला लागले, दुसरं विमान करायला. धाकटी वर सामान बांधायची आणि खाली हे दोघे फोमबोर्ड कापायचे. पहिल्यासारखंच, भावजी कापणार, हे जोडणार. बोलणं किती? "रेघेवर धर." "दोरा दे." "इथे वजन नको." "हं." मी आणि धाकटी पडद्यामागे कान लावून उभ्या. एकदा मला राहवलं नाही, मी पडद्यातून डोकं काढून म्हटलं, "दुसरंही काही बोलायचं असतं माणसांनी." दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं, हुबेहूब एकाच बापाचे, आणि पुन्हा पट्टीवर माना वाकवल्या. घोडं तिथेच पेंड खात होतं. हे 'जाऊ नको' म्हणेनात, ते 'का चाललो' सांगेनात. आणि खोकी दारात येऊन बसली होती.

ह्या वेळचं विमान मात्र विमान झालं. नकाशातल्या रेघेवर कापलेलं, खाचेत खटकन बसणारं, पहिल्याच्या निम्म्याहून हलकं. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना.

भावजींच्या जायच्या आधीचा रविवार. आम्ही चौघं मैदानात, ह्या वेळी एकाच टोकाला. रिमोट भावजींकडे, फेकायचं काम ह्यांच्याकडे. ह्यांनी फेकलं आणि ते वर गेलं. आधी सरळ गेलं, मग नाक वर करून पूर्ण गोल फिरलं, मग स्वतःभोवती गिरकी, मग पाठीवर पडून उलटं, चाललं आपलं निवांत, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर. बाकीच्यांनी आपापली विमानं उतरवली आणि बघत राहिले. धाकटी म्हणाली, "बाई, चक्कर येईल त्याला." मला आनंदाने काही सुचेना. माझ्या नवऱ्याने शिवलेल्या पट्ट्या होत्या त्या, वर तिथे वाऱ्यात.

विमान वर नेऊन भावजींनी रिमोट ह्यांच्यापुढे धरला. "घे."

"मला नाही जमणार."

"मी आहे ना. घे. फक्त नजर काढू नको त्याच्यावरून. काहीही झालं तरी दुसरीकडे बघायचं नाही."

ह्यांनी घेतला. भावजी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तेही वरच बघत. "थोडं उजवं. पुरे. वर ओढ जरा. आता ते आपल्याकडे येतंय, आता डावं-उजवं उलटं होतं, घाबरू नको." आम्ही दोघी मागे, ऐकू येईल इतक्या अंतरावर. दोन माना वर केलेल्या, चार डोळे आभाळात. तीन वर्षं एकमेकांकडे न बघता बोलायची सोय कुणी करून दिली नव्हती त्यांना, ती त्या विमानाने केली.

हे म्हणाले, "लोकांसमोर बोलायला नको होतं मी तुला."

"डावं घे, दादा."

ह्यांनी घेतलं. "ऐकलंस का?"

"ऐकलं." मग भावजी म्हणाले, "कोटात चूक माझीच होती. तू बरोबर होतास, त्याचाच राग आला. खोटं बोलला असतास तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो."

"मग जाऊ नकोस ना."

निघालं. एवढंसं वाक्य, लहान मुलासारखं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

भावजी म्हणाले, "जायचंय दादा मला. आधी तुझ्यावर रुसून निघालो होतो. आता तसं नाही. आता मला खरंच बघायचंय तिथलं काम, मोठी टेबलं, शंभर-शंभर थर एकदम कापतात म्हणे. पण रुसून नाही जात, एवढं लक्षात ठेव."

ह्यांनी मान हलवली. विमान लांब जाऊन वाकडं व्हायला लागलं.

"दादा, उजवं. दादा, विमान."

"दिसत नाही रे मला काही," हे म्हणाले.

"मग दे इकडे," भावजींनी रिमोट ओढून घेतला, वर बघितलं, डोळे बाहीला पुसले, पुन्हा वर बघितलं. त्यांनाही दिसत नव्हतं. मला आणि धाकटीला दिसत होतं. आम्ही बघत होतो, ते सुंदर हलकं विमान एक डौलदार वळण घेऊन, कुणीच चालवत नसताना, सरळ जमिनीत गेलं.

आम्ही चौघं धावलो. गवतात तुकडे पसरले होते. हे गुडघ्यावर बसून एकेक गोळा करायला लागले. बिजागऱ्या शाबूत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी वर न बघताच म्हटलं, "तू जा. पण मला अजून ते उतरवता येत नाही."

भावजींनी गवत चाचपून बॅटरी शोधली, फुगली तर नाही ना ते उलटसुलट करून बघितलं आणि स्वतःच्या खिशात घातली.

"ही मी नेतो," ते म्हणाले. "तू तिसरं करून ठेव. मी आलो की आणेन. मी नसताना उडवायचं नाही."

आधी बापाचा, मग बायकोचा, कुणाचाच हुकूम आजवर न ऐकलेला माझा नवरा तुकडे छातीशी धरून उठला आणि म्हणाला, "बरं."